अकरावा भाग

मुहर्रकमध्ये रात्री साडेनऊची गोळी दिली
की उम्म राशिद आणि मी
कोरियाला जातो.

तिला कोरियन येत नाही, मलाही नाही.
खाली अरबी अक्षरं पळतात उजवीकडून डावीकडे,
ती मला वाचता येत नाहीत,
आणि मोतीबिंदू काढल्यापासून तिचे डोळे
एवढ्या घाईचं वाचत नाहीत.
नात असते, नूफ, ती सांगते अधूनमधून,
पण नूफला स्वतःचा फोन आहे.
म्हणजे आमचं सगळं नुसत्या तोंडांवर चालतं.
कुणाची हनुवटी थरथरली, कुणी सूप अर्धं टाकलं,
कोण दारापर्यंत येऊन बेल न वाजवता परत गेलं.

सात भाग झाले, बोटाला बोट लागलेलं नाही.
उम्म राशिद काठी आपटते.
"यल्ला," म्हणते पडद्याला, "यल्ला, या वलद!"
मी म्हणते, अरे बाबा, धर की हात, बस चुकेल.
तो दोघींचंही ऐकत नाही.
छत्री तिच्याकडे कलती धरतो
आणि आपला डावा खांदा भिजवत उभा राहतो.
तोच खांदा तीन-तीनदा दाखवतात, हळू.

मला हसू येतं. एवढा वेळ कुणाकडे असतो?
आमचं पाहणं वीस मिनिटांत उरकलं.
पोह्यांत मीठ जास्त होतं तेवढं आठवतं,
आणि त्याच्या नखांत अडकलेली लाख.
मिरजेत सतारीच्या भोपळ्यांना पॉलिश करतो तो.
अठरा वर्षांत "प्रमिला" म्हणाला एकदाच,
रेशनकार्डाच्या खिडकीपाशी,
कारकुनानं विचारलं म्हणून.

अकराव्या भागात तो भर चौकात गुडघ्यावर बसला.
कोट चिखलात,
आणि तिच्या बुटाची लेस बांधायला लागला.
संगीत वाढलं. नूफनंसुद्धा फोन खाली ठेवला.
मी तेव्हा गुडघ्यावरच होते,
उम्म राशिदचा सुजेवरचा मोजा उतरवत.
घट्ट असतो तो, मांडीपर्यंतचा,
सकाळी चढवायचा, रात्री उतरवायचा,
त्याला संगीत कधी लागलेलं नाही.

ती पडद्यावरून माझ्याकडे बघायला लागली.
मग नूफला काहीतरी म्हणाली, लांबलचक.
नूफच्या तोडक्या हिंदीत त्याचं एवढंच उरलं:
आजी विचारतेय, तुझी कुणी बांधली का?
मी चप्पल घालते, म्हटलं. लेस कुठली?
दोघी हसल्या. विषय संपला.

रात्री माझ्या खोलीत
(विमानं इथं छपराला घासूनच उतरतात,
कपाटाचा आरसा थरथरत राहतो)
पलंगाखालची बॅग ओढली.
निघायच्या दिवशीच तिची चेन तुटली होती.
त्यानं दुकानातली सुतळी आणली,
उकिडवा बसला,
आणि गाठीवर गाठ, सात गाठी मारल्या,
दातांनी ओढून ओढून.
मी वर उभी राहून ओरडत होते, आटपा, गाडी चुकेल.
"उघडायला लावली तर कात्री माग," म्हणाला,
तेवढंच.

इथं पोचल्यावर सुतळी कापली मी
यांच्या स्वयंपाकघरातल्या सुरीनं.
फेकली की ठेवली, आठवत नव्हतं.
बाजूच्या कप्प्यात सापडली,
चार गाठी शाबूत.
मिरजेत तेव्हा दीड वाजला असेल.
फोन केला नाही. घाबरला असता.

बाराव्या भागात त्यांचं भांडण झालं,
तो परदेशी निघून गेला.
उम्म राशिद "हराम, हराम," म्हणत
खजुराची बी थुंकायचीही विसरली.
एसीनं फरशी गार पडलेली.
तिनं काठीच्या टोकानं
स्वतःच्या लोकरी सपाता सरकवल्या माझ्याकडे,
आधी एक, मग दुसरी,
पडद्यावरची नजर न काढता.
"ब्रमीला," म्हणाली. प तिच्या जिभेला येत नाही.

दुसरी सपात उलटी आली होती.
मी पायानंच सरळ केली.